टर्बो बदलण्याआधी हवा कुठे जाते ते शोधा

प्रश्न : आमच्या ट्रकला ३ लिटरचे डिझेल इंजिन आहे, टर्बो आणि इंटरकूलरवाले (टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो, इंटरकूलर ती थंड करतो). मागे बहुतेक वेळा अडीच टनांचा ट्रेलर असतो. दोन महिन्यांपासून चढावर गाडीत दम राहत नाही. बूस्टचा, म्हणजे टर्बोने दिलेल्या जादा हवेच्या दाबाचा, काटा पूर्वी २१-२२ पीएसआयपर्यंत जायचा, आता १२ च्या पुढे सरकत नाही. पाय दाबला की मागून काळा धूर येतो आणि बॉनेटखाली ‘फुस्स’ असा आवाज होतो. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर नीट पळते. स्कॅनरवर पी ०२९९ हा कोड आला. एअर फिल्टर बदलला, फरक पडला नाही. गॅरेजवाले म्हणतात टर्बो गेला, नवा टाका. टाकू का?

उत्तर : नका टाकू, निदान आज तरी. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत टर्बो गेल्याचा पुरावा एकही नाही. टर्बो हवा दाबतो आहे, पण ती इंजिनापर्यंत पोहोचण्याआधीच कुठेतरी निसटते आहे, असे मात्र ही लक्षणे ओरडून सांगताहेत. पी ०२९९ या कोडचा अर्थ एवढाच की इंजिनाच्या कंप्युटरने जेवढा बूस्ट मागितला तेवढा मिळाला नाही. का मिळाला नाही, ते कोड सांगत नाही. फाटका होज, उघडी अडकलेली वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वगळून सोडून देणारी झडप), तडकलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला जळका वायू गोळा करणारा पाइप) आणि खरोखर मेलेला टर्बो, या चारही गोष्टींना हाच कोड येतो.

शोध लागेपर्यंत ट्रेलर जोडून चढ चढू नका. हवा कमी आणि डिझेल तेवढेच, अशा अवस्थेत एक्झॉस्टचे तापमान भराभर वाढते. टर्बाइनच्या (एक्झॉस्टने फिरणाऱ्या टर्बोच्या बाजूच्या) आधी ते सलग ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले, तर पिस्टन, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि टर्बाइनचे चाक यांच्यावर घाला पडतो. तापमानाचा सेन्सर टर्बाइनच्या नंतर असेल, तर भाराखाली तोच आकडा साधारण १०० ते १५० अंशांनी कमी दिसतो, त्यामुळे फसू नका. ओढावेच लागले तर वजन कमी करा, एक गिअर खाली ठेवा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबू नका. धूर दिसला की पाय थोडा वर घ्या. तो धूर म्हणजे अर्धवट जळलेले डिझेल, त्याने ओढ वाढत नाही, फक्त उष्णता वाढते.

नवा टर्बो लगेच टाकू नका म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. गळक्या पाइपवर नवा टर्बो बसवला, तर काटा पुन्हा १२ वरच अडेल. शिवाय निसटलेली हवा भरून काढण्यासाठी तो नेहमीपेक्षा जास्त वेगाने फिरेल. चांगले टर्बो असेच मरतात.

आधी काटा खरा आहे का ते बघा. चावी चालू, इंजिन बंद, अशा अवस्थेत स्कॅनरवर मॅनिफोल्डचा (सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या पाइपाचा) दाब आणि बाहेरच्या हवेचा दाब शेजारी शेजारी वाचा. दोन्ही सारखेच हवेत. समुद्रसपाटीला सुमारे १०१ किलोपास्कल, हजार मीटर उंचीवर ९० च्या आसपास. दोन-तीन किलोपास्कलचा फरक चालेल. दहाचा फरक असेल तर मॅनिफोल्डचा सेन्सर काढा. त्याच्या तोंडावर काजळी आणि तेलाचा चिकट थर बसलेला असतो. सेन्सर साफ करायच्या स्प्रेने तो धुवा, आत सळई खुपसू नका, आणि ओ-रिंग तडकली असेल तर नवी घाला. डॅशबोर्डवर वेगळा बसवलेला, नळीवर चालणारा काटा असेल तर त्याची बारीक नळीही तपासा. ती एक्झॉस्टला टेकून वितळलेली सापडते.

स्कॅनरवरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा यांची गल्लतही नेहमी होते. स्कॅनर बहुधा निरपेक्ष दाब दाखवतो, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून. काटा फक्त वरचा बूस्ट दाखवतो. स्कॅनरवर २५० किलोपास्कल म्हणजे बूस्ट दीडशे किलोपास्कल, दीड बार, जवळपास २२ पीएसआय. तुमचे १२ पीएसआय स्कॅनरवर १८५ च्या आसपास दिसतील.

आता गाडी भाराखाली पळवून आकडे घ्यायचे. गॅरेजमध्ये न्यूट्रलला रेस देऊन टर्बो तपासणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. टर्बो फिरतो एक्झॉस्टमधल्या उष्णतेवर आणि वाहत्या वायूवर. न्यूट्रलला इंजिनावर भार नसतो, डिझेल थोडेच जळते, त्यामुळे उत्तम टर्बोही तिथे नावापुरताच बूस्ट देतो. ट्रेलर न जोडता, लांब, मोकळा, वर्दळ नसलेला चढ निवडा. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. असा गिअर धरा की १,८०० ते २,५०० आरपीएममध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर सहा-आठ सेकंद देता येईल. चालवणारा एक आणि स्कॅनर बघणारा दुसरा असावा, एकट्याने दोन्ही करू नका. नोंदवायच्या गोष्टी : आरपीएम, पेडलची टक्केवारी, मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, एअर फ्लो सेन्सरने मोजलेले आत येणाऱ्या हवेचे ग्रॅम, इंटरकूलरनंतरच्या हवेचे तापमान, रेलचा (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीचा) मागितलेला आणि मिळालेला दाब, ईजीआर व्हॉल्व्हची (थोडा जळका वायू पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेची) स्थिती, टर्बोच्या अ‍ॅक्च्युएटरला (त्याची झडप किंवा पाती हलवणाऱ्या भागाला) दिलेला हुकूम आणि धूर कसा आहे.

पहिला निवाडा मागितलेल्या बूस्टवर करा. मागितलाच कमी असेल, म्हणजे कंप्युटरच दीड बार मागत नसेल, तर गळती शोधण्यात अर्थ नाही. मग इंजिनाने स्वतःला आवरून धरले आहे. कूलंट तापलेले असेल, एक्झॉस्टचे तापमान मर्यादेपलीकडे गेले असेल, एक्झॉस्टमधली काजळी अडवणारी कणगाळणी (डीपीएफ) तुंबली असेल किंवा दुसरा एखादा कोड लागून गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे स्वतःहून ताकद कमी करून चालण्याच्या अवस्थेत, गेली असेल. तो कोड आधी सोडवा. पेडलची टक्केवारीही बघून घ्या. पायाखालची मॅट अडकल्यामुळे पेडल ऐंशी टक्क्यांवरच थांबते, हे प्रकरण वाटते त्यापेक्षा जास्त वेळा सापडते.

मागितलेला २५० आणि मिळालेला १८५ असेल, आणि काळा धूर असेल, तर डिझेल पुरेसे पोहोचते आहे, हवा कमी पडते आहे. बूस्ट कमी, धूर अजिबात नाही आणि एक्झॉस्टही फारसा तापत नाही, असे असेल तर डिझेलच कमी पडते आहे. टर्बोला फिरायला उष्णताच मिळत नाही, म्हणून बूस्ट पडतो. तेव्हा डिझेल फिल्टर, त्यात साचलेले पाणी, फीड पंप आणि रेलचा दाब बघायचा. रेलचा मागितलेला आणि मिळालेला आकडा भाराखाली फाकत गेला की वाट सापडली. तुमच्याकडे धूर आहे, त्यामुळे ही बाजू तूर्त सोडून देऊ. कणगाळणी असलेल्या गाडीत मात्र धूर बाहेर दिसतच नाही. तिथे धुराऐवजी गाळणी किती लवकर भरते आणि स्वतःला जाळून साफ करायची पाळी किती वेळा येते, त्यावर लक्ष ठेवा.

एअर फ्लो सेन्सर असेल तर गळती आहे की नाही, हे कागदावरच पकडता येते. ३ लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत ३ लिटर हवा ओढते. २,४०० आरपीएमला मिनिटाला ३,६०० लिटर, म्हणजे सेकंदाला ६० लिटर झाले. मॅनिफोल्डमध्ये १८५ किलोपास्कल दाब आणि ५० अंश तापमान असेल, तर तिथल्या एका लिटर हवेचे वजन जवळपास २ ग्रॅम भरते. ६० लिटरचे १२० ग्रॅम. सिलिंडर शंभर टक्के भरत नाहीत, म्हणून ९० टक्के धरा, १०८ ग्रॅम झाले. आता एअर फ्लो सेन्सर त्याच क्षणी सेकंदाला १३५ ग्रॅम दाखवत असेल, तर २७ ग्रॅम हवा सेन्सरमधून आत गेली पण सिलिंडरमध्ये पोहोचली नाही. ती सेन्सर आणि मॅनिफोल्ड यांच्या मधे कुठेतरी बाहेर पडली. काळा धूर येतो तोही यामुळेच, कारण कंप्युटरने १३५ ग्रॅमच्या हिशेबाने डिझेल सोडलेले असते. उलट सेन्सरही १०५-११० दाखवत असेल तर हवा निसटत नाही, मुळात ओढलीच कमी जाते. मग टर्बो, त्याचे नियंत्रण, एक्झॉस्टची बाजू किंवा टर्बोच्या आधीचा अडथळा यांकडे वळा. हिशेब ढोबळ आहे. पाच-सात ग्रॅमच्या फरकावर निष्कर्ष काढू नका.

तुमचा ‘फुस्स’ ऐकता मला गळतीवर पैज लावावीशी वाटते. ती शोधायची कशी ते नीट सांगतो, कारण इथेच सगळे घाई करतात. इंजिन उभे असताना होज हाताने चाचपून ‘चांगला आहे’ म्हणणे पुरेसे नाही. भाराखाली इंजिन माउंटिंगवर एका बाजूला झुकते, होज ताणला जातो, आत दीड बार दाब असतो आणि रबर गरम असते. उभ्या गाडीत मिटलेली चीर तेव्हा ओठासारखी उघडते.

आधी डोळ्यांनी बघा. टर्बोच्या तोंडापासून इंटरकूलरपर्यंतचा गरम पाइप आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचा थंड पाइप, दोन्ही वरून आणि खालून टॉर्च मारून. होजच्या खालच्या अंगाला, क्लॅम्पच्या कडेला, तेलाची ओलसर रेघ आणि तिच्यावर चिकटलेली पंख्यासारखी पसरलेली काळी धूळ दिसली, तर हवा तिथूनच बाहेर पडते आहे. इंजिनाच्या श्वासनळीतून (ब्रीदरमधून) येणारी तेलाची वाफ पाइपांत नेहमीच असते. ती गळतीबरोबर बाहेर येते आणि खूण सोडते. होज दोन्ही हातांनी दाबा, पिळा, नागमोडी घड्या असतील तर प्रत्येक घडी उघडून तिच्या तळाशी बघा. कंसाला किंवा पंख्याच्या आवरणाला घासून पडलेली चपटी जागा दिसली तर तिथे बोट जोरात दाबा. इंटरकूलरला प्लॅस्टिकच्या टाक्या असतील तर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मुडपून जिथे त्या बसवल्या आहेत, ती कड आणि खालचे दोन कोपरे हे नेहमीचे गुन्हेगार.

नंतर दाबाची चाचणी. इंजिन बंद आणि थंड हवे. एअर फिल्टरकडून टर्बोत येणारा होज काढा आणि टर्बोच्या तोंडावर त्या मापाची रबरी टोपी क्लॅम्पने बसवा. तिच्यात टायरचा व्हॉल्व्ह किंवा हवेचा निपल बसवलेला असावा. इंजिनाच्या श्वासनळीचा पाइप टर्बोच्या आधी त्याच होजला येतो. टोपीनंतर तो हवेच्या वाटेत राहत असेल तर त्याचे तोंड वेगळे बंद करा, नाहीतर दाब थेट क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या ऑइल असलेल्या खालच्या पेटीत) जाऊन ऑइल सील बाहेर ढकलेल. इंजिन ऑइलचे झाकण काढून ठेवा. टर्बोच्या आतल्या सील रिंगा थांबलेल्या अवस्थेत हवाबंद नसतात. थोडी हवा तिथून क्रँककेसमध्ये झिरपतेच, तिला बाहेर जायला वाट हवी.

हवा भरायच्या कंप्रेसरला दाब बांधून ठेवणारा रेग्युलेटर लावल्याशिवाय हे काम करू नका. शून्यावरून सुरुवात करा. ५ पीएसआयवर थांबा आणि ऐका. मग १०, मग १५. घरगुती टोपीवर याच्या पुढे जाऊ नका, आणि टोपीच्या समोर तोंड करून कधीही उभे राहू नका. सुटली तर ती गोळीसारखी येते. साबणाचे घट्ट पाणी ब्रशने प्रत्येक सांध्यावर लावा. मोठी गळती ऐकूच येते, छोटी फेस काढते. होज हाताने हलवत राहा, इंजिन झुकल्यावर जसा ताणला जाईल तसा ओढून बघा. मॅनिफोल्डची गॅस्केट आणि दाबाच्या सेन्सरची ओ-रिंग विसरू नका.

ऑइलच्या तोंडातून हलकी फुंकर येणे साधारण आहे. मागच्या सायलेन्सरच्या पाइपातून हवा येत असेल तर दोन शक्यता आहेत. एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह त्या क्षणी उघडे असतील किंवा ईजीआर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल. क्रँक पाव फेरी फिरवा. आवाज बदलला तर सिलिंडरचे व्हॉल्व्ह, तसाच राहिला तर ईजीआर. काजळीचा खडा अडकून ईजीआर व्हॉल्व्ह उघडा राहिला की एकाच वेळी दोन नुकसाने होतात. टर्बाइनला मिळायचा वायू दुसरीकडे वळतो आणि सिलिंडरमध्ये जायच्या ताज्या हवेची जागा जळका वायू घेतो. व्हॉल्व्ह काढून साफ करा, बसणीवर खड्डा पडला असेल तर बदला.

नुसत्या इंटरकूलरची चाचणी वेगळी. दोन्ही तोंडे बंद करून त्यात हवा भरतात आणि पुरवठा तोडून घड्याळ लावतात. मोठ्या डिझेल इंजिनांच्या पुस्तिकांत ३० पीएसआय भरून १५ सेकंदांत साधारण ५ पीएसआयपर्यंतची घट चालते, असे प्रमाण आढळते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा मिळाला तर तोच धरा. ही चाचणी साखळीने बांधलेल्या बुचांसह, त्यासाठी बनवलेल्या किटनेच करावी. इंटरकूलर बाहेरून चिखलाने आणि किड्यांनी बुजला असेल तर दाब फारसा पडत नाही, पण हवा तापते, विरळ होते आणि ओढ जाते. एसीचा कंडेन्सर आणि इंटरकूलर यांच्या मधल्या फटीत बघा, कचरा तिथेच दडलेला असतो.

गळती सापडली नाही, किंवा मगाचा हिशेब म्हणाला की हवा मुळातच कमी ओढली जाते, तर एक्झॉस्टकडे चला. टर्बाइनच्या आधी वायू निसटला की टर्बोचा घासच काढून घेतला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे तुटलेले स्टड, जळलेली गॅस्केट, मॅनिफोल्डला गेलेला तडा किंवा टर्बोपर्यंतच्या पाइपातला फाटलेला बेलोज (लवचीक घडीदार तुकडा), यांच्याभोवती काजळीचे काळे फराटे दिसतात. पहाटे थंड इंजिन चालू केल्यावर टक-टक-टक असा आवाज येतो आणि धातू तापून फुगला की तो विरतो. म्हणून ही तपासणी थंड इंजिनावर, चालू केल्यापासूनच्या पहिल्या दोन मिनिटांत करा.

टर्बाइनच्या पुढे वायू अडला तरीही बूस्ट पडतो, कारण टर्बाइन फिरते ते अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातल्या फरकावर. कणगाळणीच्या दाब-फरकाचा आकडा इंजिन बंद असताना शून्य किंवा शून्याला अगदी लागून हवा. तसा नसेल तर आधी सेन्सर आणि त्याच्या दोन नळ्या बघा. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत एक खास जागा आहे, ती एक्झॉस्ट ब्रेकची (एक्झॉस्ट अडवून गाडी आवरणाऱ्या ब्रेकची). त्याची फुलपाखरू झडप काजळीने किंवा गंजाने अर्धवट बंद राहिली, तर इंजिन सतत ब्रेक लावून चालते. तुमच्या ट्रकला तो असेल तर बाहेरचा दांडा पूर्ण उघड्या टोकापर्यंत परततो का ते हात लावून बघा. अर्थात, थंड असताना.

टर्बोच्या आधीची वाट लवकर आटोपते. फिल्टर तुम्ही बदललाच आहे, पण फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा होजही बघा. त्याच्या आतला थर सुटलेला असेल तर जोराच्या ओढीने तो आत मिटतो आणि वाट बंद करतो. बाहेरून तो नवा दिसतो. होज काढून आत बोट फिरवल्याशिवाय हे कळत नाही.

आता टर्बोचे नियंत्रण. तुमचा टर्बो वेस्टगेटचा आहे की हलत्या पात्यांचा (टर्बाइनकडे जाणाऱ्या वायूची वाट पात्यांनी कमी-जास्त करणारा), ते तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून दोन्ही सांगतो.

वेस्टगेट असेल तर अ‍ॅक्च्युएटरची नळी काढून तिथे गेज असलेला हातपंप लावा. हळूहळू दाब वाढवा. दांडा पुस्तिकेतल्या दाबाला हलू लागला पाहिजे, त्याच्या बराच आधी नाही. दाब एक मिनिट टिकला पाहिजे. उतरला तर डायफ्राम (आतला रबरी पडदा) फाटला आहे. पण फाटक्या डायफ्रामने वेस्टगेट बंदच राहते आणि बूस्ट वाढतो, त्यामुळे कमी बूस्टसाठी दुसरेच शोधायचे : थकलेली किंवा तुटलेली स्प्रिंग, गंजून उघडी अडकलेली झडप आणि झिजून पूर्ण न टेकणारी बसण. एक विनंती मनापासून करतो. दांड्याची लांबी कमी करून बूस्ट ‘वाढवून देतो’ असे कोणी म्हणाले तर करू देऊ नका. काटा वर जाईल, तुम्हाला बरे वाटेल, पण गळती तशीच राहील आणि टर्बो मर्यादेपलीकडे फिरत राहील.

हलत्या पात्यांच्या टर्बोत काजळी आणि गंज पाती जखडून टाकतात, विशेषतः जी गाडी तासन्‌तास नुसती आयडलवर उभी असते तिच्यात. अ‍ॅक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर हातपंपाने ओढून दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग, न अडखळता जातो का आणि सोडल्यावर पूर्ण परततो का ते बघा. इंजिनाचा व्हॅक्यूम पंप समुद्रसपाटीला ८० किलोपास्कल किंवा त्याहून अधिक ओढ देत असावा. तडकलेली बारीक नळी आणि तिच्यातला सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) हे टर्बोपेक्षा कितीतरी आधी संशयित आहेत. अ‍ॅक्च्युएटर विजेवर चालणारा असेल तर दांडा हाताने जबरदस्तीने फिरवू नका, आतले गिअर तुटतात. स्कॅनरने त्याला टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि हुकूम व स्थिती हे दोन आकडे जुळतात का बघा. ही चाचणी थंड आणि पूर्ण गरम, दोन्ही वेळा करा. गरम झाल्यावरच अडकणारी पाती थंड गॅरेजमध्ये निर्दोष ठरतात. अ‍ॅक्च्युएटर बदलला तर त्याचे कॅलिब्रेशन स्कॅनरने करावेच लागते. ते न करता बसवलेला नवा भाग जुन्याइतकाच कमी बूस्ट देतो. आणि पाती कुठपर्यंत मिटावीत ते ठरवणारा किमान थांब्याचा स्क्रू कारखान्यात लावलेला असतो, त्याला हात लावू नका.

एवढे सगळे स्वच्छ निघाले तरच टर्बोच्या पोटात बघायचे. तोंडाचा होज काढलेलाच आहे. टॉर्चच्या उजेडात टर्बोच्या हवा दाबणाऱ्या, म्हणजे कंप्रेसरच्या, चाकाची पाती बघा. कडा धारदार आणि सारख्या हव्यात. बोथट, गोलसर, वाळूने घासल्यासारख्या दिसल्या तर फिल्टरच्या बगलेने धूळ आत गेली आहे. फिल्टरच्या डब्याची कड आणि क्लिपा तपासल्याशिवाय नवा टर्बो लावलात तर तोही तसाच झिजेल. चाक बोटाने फिरवा, ते अलगद फिरले पाहिजे. शाफ्ट आडवा हलवला की थोडा प्ले (ढिलेपणा) लागतो आणि लोक घाबरतात. ऑइलच्या थरावर तरंगणाऱ्या बेअरिंगमध्ये तेवढा असतोच. बोटाने हलकेच बाजूला दाबून चाक फिरवले तर ते घराला घासता कामा नये, ही कसोटी. आत-बाहेर, म्हणजे शाफ्टच्या लांबीच्या दिशेने, हलणे मात्र बोटाला जाणवता कामा नये. तो प्ले डायल गेजने मोजतात आणि तो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आत असावा लागतो. जाणवण्याइतका असेल, चाकाची ओरखडलेली खूण घरावर असेल, किंवा पाते तुटलेले असेल, तर टर्बो गेला. तेव्हा गॅरेजवाल्यांचे म्हणणे बरोबर.

त्या परिस्थितीत जुन्या टर्बोला कशाने मारले ते शोधून काढा. ऑइलचा पुरवठा करणारा पाइप आतून कोळशाने भरला आहे का, परतीचा पाइप मोकळा आहे का, बघा. पुरवठ्याचा पाइप साफ करत बसण्यापेक्षा नवा घाला. नवा टर्बो बसवल्यावर टर्बोच्याच ऑइलच्या तोंडातून स्वच्छ ऑइल भरा, चाक हाताने फिरवा, आणि डिझेल बंद ठेवून ऑइलचा दाब येईपर्यंत स्टार्टर मारा. तुटलेल्या पात्याचे तुकडे इंटरकूलरच्या नळ्यांत अडकतात आणि धुऊनही पूर्ण निघत नाहीत. तेव्हा इंटरकूलर बदलावा. पाइपांत ओलसरपणा चालतो, पण इंटरकूलर तिरका केल्यावर कपभर ऑइल बाहेर आले तर ते सगळे काढल्याशिवाय इंजिन चालू करू नका. डिझेल इंजिन ते ऑइल ओढून स्वतःच्या जोरावर वेग वाढवत सुटते, चावी बंद केली तरी थांबत नाही. अशा वेळी फक्त हवेची वाट बंद केली तरच ते थांबते. ती हाताने झाकू नका, जाड फळी वापरा.

तुमच्या बाबतीत शेवट बहुधा एका होजवर होईल. नवा बसवताना पाइपाचे टोक आणि होजची आतली बाजू ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण कोरडी करा. तिथे ग्रीस किंवा तेल लावले तर पहिल्याच चढावर होज निसटेल. पाइपाच्या टोकाला उठाव असतो. होज त्याच्या पुरता पलीकडे गेला पाहिजे आणि क्लॅम्प उठावाच्या मागे, होजच्या कडेपासून चार-पाच मिलिमीटर आत बसला पाहिजे. उठावावरच आवळलेला क्लॅम्प तिरका होतो आणि रबर कापतो. दातेरी पट्टीचे साधे क्लॅम्प काढून टाका आणि टी-बोल्टचे किंवा स्प्रिंगवाले लावा. आवळायचा आकडा पुस्तिकेतून घ्या. होजला घासणारा कंस सापडला असेल तर तो वाकवून किमान बोटभर अंतर ठेवा, नाहीतर नवा होजही तिथेच फाटेल.

मग कोड पुसून त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, ट्रेलरशिवाय तीच धाव पुन्हा घ्या आणि जुन्या आकड्यांशेजारी नवे लिहा. मिळालेला बूस्ट मागितलेल्याच्या दहा किलोपास्कलच्या आत आला, एअर फ्लोचे ग्रॅम हिशेबाशी जुळले आणि धूर गेला, की ट्रेलर जोडा. गरम-थंड झालेले रबर बसते, म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर क्लॅम्प पुन्हा तपासा. आकडे अजूनही फाकलेले राहिले तर दोन्ही धावांची नोंद, टर्बोचा प्रकार आणि दाबाच्या चाचणीत हवा कुठून आली ते लिहून पाठवा, तिथून पुढे बघू.